पदवीचा कागद आणि माणसांची पारख

‘पाहिजेत : मनुष्यबळ अधिकारी. पात्रता – एमबीए (एचआर) अथवा एमएसडब्ल्यू. अनुभव – किमान पाच वर्षे. नवपदवीधरांनी अर्ज करू नयेत.’ अशा आशयाच्या चौकटी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि आता संगणकाच्या पडद्यावरही नित्य दिसतात. चार ओळींच्या या चौकटीने दोन माणसांना दार बंद होते. पहिला, शैक्षणिक कर्ज काढून दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला तरुण. त्याच्याजवळ पदवी आहे, पाच वर्षे नाहीत. दुसरा, एखाद्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याच्या टाइम ऑफिसात वीस वर्षे मस्टर, पाळ्या, रजा, भविष्य निर्वाह निधीचे हिशोब, कंत्राटदारांची बिले आणि कामगारांची गाऱ्हाणी सांभाळणारा गृहस्थ. त्याच्याजवळ वर्षे हवी तेवढी आहेत, पण पदवी केवळ बी.ए.ची, तीही कदाचित बहिःस्थ. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांत हे दोघे पुष्कळदा काका-पुतणे म्हणून एकाच घरात नांदतात आणि सणावाराला मंडळी एकत्र जमली की अनुभव मोठा की पदवी मोठी, हा वाद पंगतीत रंगतो. वाद बहुधा काकाच जिंकतो, नोकरी मात्र पुतण्यासारख्यालाच मिळते, असे आजचे चित्र आहे.

इतर कोणत्याही पदाविषयी हा प्रश्न विचारला तर त्याचे महत्त्व त्या पदापुरतेच राहते. लेखापाल चुकीचा निवडला गेला तर हिशोब चुकतात. ते वर्षअखेरीस लेखापरीक्षक दुरुस्त करतो. मनुष्यबळ अधिकाऱ्याची गोष्ट निराळी आहे. तोच पुढे इतरांची निवड करणार असतो. त्याची पारख चुकली की चूक त्याच्यापाशी थांबत नाही, ती प्रत्येक खात्यात एकेका माणसाच्या रूपाने जाऊन बसते. शिवाय कारखान्याच्या दारावर असंतोष साचू लागतो, तेव्हा त्याला प्रथम सामोरा जाणारा माणूसही हाच. १८ जुलै २०१२ रोजी हरियाणातील मानेसर येथील मारुती सुझुकीच्या कारखान्यात हिंसाचार उसळला, तेव्हा ज्यांनी प्राण गमावले ते अवनीशकुमार देव त्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे महाव्यवस्थापक होते. त्या घटनेचे खटले, निकाल आणि दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी हा स्वतंत्र विषय आहे. तथापि, वातानुकूलित खोलीत बसून अर्ज चाळणे एवढेच हे काम आहे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी ही तारीख लक्षात ठेवलेली बरी.

हे पद आपल्याकडे निर्माण कसे झाले, हे पाहिल्यावाचून या वादाचा उलगडा होत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत प्रारंभीच्या काळी भरती, बदली, बढती आणि बडतर्फी या चारही गोष्टी जॉबरच्या हाती होत्या. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकिणी करीत. हा जॉबर स्वतः साच्यावर काम करून वर आलेला असे. कोकणातून किंवा घाटावरून आपल्या गावची माणसे तो आणी, त्यांना गाळ्यात जागा मिळवून देई, अडीअडचणीला कर्ज देई, गावाकडे आजारी पडलेल्याची बातमी त्यालाच आधी कळे. कामगाराची भाषा, जात, गाव, व्यसन, कर्ज हे सारे त्याला ठाऊक. अनुभव हीच मनुष्यबळ अधिकाऱ्याची एकमेव कसोटी मानायची, तर जॉबरइतका अनुभवी मनुष्यबळ अधिकारी या देशात पुन्हा झाला नाही, असेच म्हणावे लागेल! परंतु याच अनुभवाच्या बळावर तो दस्तुरी घेई. काम हवे तर पैसे मोज, काम टिकवायचे तर पुन्हा मोज. एखाद्याची जागा रिकामी करून ती दुसऱ्याला देण्यातही त्याला लाभ होता. माणसांची ओळख हे त्याचे भांडवल होते आणि त्या भांडवलावर तो व्याज वसूल करीत होता.

रॉयल कमिशन ऑन लेबर अर्थात व्हिटले आयोगाचा अहवाल १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यात या जॉबरशाहीवर कठोर टीका झाली आणि कामगारांची भरती जॉबरच्या हातून काढून घेऊन ती कामगार अधिकाऱ्याकडे सोपवावी, त्याने थेट महाव्यवस्थापकालाच उत्तरदायी असावे, अशी शिफारस करण्यात आली. हा अधिकारी कसा असावा, याचे आयोगाने केलेले वर्णन आजही मननीय आहे. सचोटी, व्यक्तिमत्त्व, उत्साह, माणसे समजून घेण्याचे अंग आणि भाषांवरील प्रभुत्व, हे गुण आयोगाने मुख्य मानले. या यादीत पदवी नाही. वर्षांची संख्याही नाही. जवळजवळ एक शतकापूर्वी एका परकीय सरकारच्या आयोगाला जे सुचले, ते आजच्या जाहिरातीच्या चौकटीत सापडत नाही.

गुण मोजणार कसे, हा मात्र प्रश्न होताच. सचोटीचा दाखला कोणते विद्यापीठ देणार? पदवीचा शिरकाव इथून झाला. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. पुढे तेच टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. १९४७ साली बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट स्थापन झाली. ती आज नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव धारण करते. १९४९ साली जमशेदपूरला झेवियर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट निघाले. आज एक्सएलआरआय म्हणून व्यवस्थापनाच्या जगात मिरवणाऱ्या या संस्थेच्या नावात ‘लेबर रिलेशन्स’ हे शब्द आहेत, याची तिथे प्रवेश मिळावा म्हणून रात्रंदिवस झटणाऱ्या किती मुलांना कल्पना असेल, कोण जाणे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि त्याची पात्रता ठरविण्याचे काम राज्यांकडे सोपविले. राज्यांनी नियम करताना समाजकार्य किंवा तत्सम विषयातील पदवी-पदविकेची अट घातली, आणि बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती त्याला यावी, अशीही अट घातली. पहिली अट प्रत्येकाच्या लक्षात राहिली. दुसरीचे पुढे काय झाले, ते मुलाखतींच्या इंग्रजी प्रश्नोत्तरांना विचारावे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अनुभवाने जे अधिकार बळकावले होते आणि नासवले होते, ते काढून घेण्यासाठी पदवी आली. म्हणजे पदवी ही मुळात अनुभवाच्या दुरुपयोगावरचा उतारा होती. ‘आमच्या वेळी कुठे होत्या या पदव्या?’ असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी हा इतिहास विसरू नये. पुढल्या काळातही काही कारखानदारांनी कामगारांना ‘सरळ करणारा’ दणकट माणूस शोधून त्याला कार्मिक अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवले आणि त्याच्या दराऱ्याला अनुभव हे नाव दिले. असल्या अनुभवाने संघटना फुटतात, प्रश्न सुटत नाहीत.

पण उतारा म्हणून आलेल्या पदवीचेही पुढे काय झाले? १९७५ साली उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची एक स्वतंत्र व्यवस्था आखून दिली आणि भारतीय उद्योगजगतात ‘एचआरडी’ हा शब्द रुजला. त्या कल्पनेत माणसाच्या वाढीचा विचार होता. कामगार म्हणजे केवळ मस्टरवरचा क्रमांक नव्हे, हा तिचा गाभा होता. १९९१ नंतर उद्योग वाढले, माहिती तंत्रज्ञान आले, आणि पाहता पाहता कल्याण अधिकारी, कामगार अधिकारी, कार्मिक अधिकारी ही सारी नावे पुसली जाऊन सर्वत्र एचआर ही दोन अक्षरे झळकू लागली. नावाबरोबर कामही बदलले. गावोगावच्या व्यवस्थापन महाविद्यालयांतून एचआर हा विषय घेऊन मुले-मुली बाहेर पडू लागली. त्यांत मुलींचे प्रमाण लक्षणीय आहे आणि ही स्वागतार्हच गोष्ट आहे. परंतु अभ्यासक्रमात नेतृत्वाच्या सिद्धांतांना आणि परदेशी कंपन्यांच्या कथांना जेवढी जागा आहे, तेवढी आरोपपत्र कसे लिहावे याला आहे का? मागणीपत्र आल्यावर पहिल्या बैठकीत काय बोलावे आणि काय बोलू नये, हे कुणी शिकवते का? दोन वर्षे शिकून बाहेर पडलेला पदवीधर पहिली तीन-चार वर्षे अर्ज गोळा करणे, फोन करून मुलाखतीच्या वेळा ठरवणे आणि रुजू झालेल्यांना ओळखपत्रे देणे, यातच घालवतो. पाच वर्षांनी त्याच्याजवळ जाहिरातीतील ‘पाच वर्षांचा अनुभव’ जमा झालेला असतो. कामगाराशी त्याचे एकदाही खटकलेले नसते. कामगाराशी तो एकदाही बोललेलाच नसतो!

या विषयावरील एक अतिशय मार्मिक चर्चा आपल्याच परंपरेत आहे आणि ती आधुनिक व्यवस्थापनाच्या पुस्तकांत क्वचितच दिसते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात अमात्य कुणाला नेमावे, याविषयी पूर्वाचार्यांची मते एकापुढे एक मांडली आहेत. भारद्वाज म्हणतो, सहाध्यायी नेमावेत, कारण त्यांची योग्यता डोळ्यांसमोर पारखलेली असते. कुणी म्हणतो, ते बरोबरीचे म्हणून अवमान करतील. पिशुनाचे मत असे की, नेमून दिलेल्या कामात ठरल्याइतके किंवा त्याहून अधिक उत्पन्न आणून दाखवणारे नेमावेत. म्हणजे आजच्या भाषेत ‘टार्गेट’ पुरे करणारे. कौणपदंताला पिढीजात माणसे हवीत. वातव्याधीला ती नकोत. त्याला नीतिशास्त्र जाणणारे नवे लोक हवेत. त्यावर बाहुदंतीपुत्र उत्तर देतो की, केवळ शास्त्र जाणणारा पण प्रत्यक्ष काम न पाहिलेला माणूस ऐन कामात गडबडून जाईल. पदवी विरुद्ध अनुभव हा वाद दोन सहस्रकांपूर्वी इतक्या नेमकेपणाने मांडला गेला आहे. आणि कौटिल्य? तो कुणालाच खोडून काढत नाही. सर्वांचे म्हणणे आपापल्या जागी योग्य आहे, असे सांगून माणसाचे सामर्थ्य हे काम करण्याच्या सामर्थ्यावरूनच ठरवावे, असा निर्वाळा तो देतो. पुढच्याच अध्यायात गुण पारखायचे कसे, याचे तपशील येतात: शास्त्रज्ञान त्या शास्त्राच्या जाणकारांकडून तपासावे, कामातील चातुर्य काम करताना पाहावे, शील त्याच्याबरोबर राहणाऱ्यांकडून जाणून घ्यावे. प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचा पहिला खंड १९६० साली निघाला. महाराष्ट्रातील व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांना तो दुर्मीळ नाही.

आता कौटिल्याची कसोटी आजच्या कामाला लावून पाहू. मनुष्यबळ अधिकाऱ्याचे काम हे एक काम नसून तीन-चार कामांची मोळी आहे. त्यांतील एक भाग निखळ ज्ञानाचा आहे आणि तो अनुभवाने भागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि एकोणतीस जुने कायदे त्यांत सामावले गेले. वेतनाची व्याख्या बदलली. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरावयाचा आहे. भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांची गणिते त्यामुळे बदलतात. ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क मिळाला. नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करणे आले. भरपगारी रजेसाठी २४० दिवसांची जुनी अट १८० दिवसांवर आली. कामगार कपातीसाठी पूर्वपरवानगीची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. वीस वर्षे जुन्या कायद्याखाली काम केलेल्या माणसाचे पाठांतर इथे एका दिवसात शिळे झाले. ‘आपण नेहमी असेच करतो’ हे त्याचे आवडते वाक्य आता त्याच्या मालकाला दंड भरायला लावू शकते. अभ्यासाची सवय असलेला माणूस नवी संहिता काढून वाचतो. नुसत्या सवयीवर चालणारा सल्लागाराला फोन करतो आणि तो सांगेल त्यावर सही करतो.

शिस्तभंगाच्या चौकशीचे उदाहरण घ्या. पाळीवर दारू पिऊन आलेल्या कामगाराला काढून टाकावे, याविषयी कारखान्यात दुमत नसते. पण आरोपपत्रात तारीख आणि वेळ मोघम लिहिली, साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ दिली नाही, फिर्याद देणाऱ्यालाच चौकशी अधिकारी नेमले, तर ती चौकशी न्यायालयात टिकणे कठीण. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे ठाऊक नसलेल्या अनुभवी अधिकाऱ्याने घाईने काढलेला कामगार कित्येक वर्षांनी मागील वेतनासह परत येतो आणि हार घालून गेटमधून आत शिरतो, असे प्रसंग औद्योगिक वसाहतींना नवीन नाहीत. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समितीची अपेक्षा करतो. त्या समितीपुढील तक्रार ‘मी दोघांना समोरासमोर बसवून मिटवतो’ या जुन्या पद्धतीने हाताळणे अन्यायाचे तर आहेच, बेकायदाही ठरू शकते.

दुसरा भाग माणसांचा आहे, आणि तो कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही. पगारवाढीच्या करारावर चर्चा चालू असताना संघटनेचा अध्यक्ष टेबलावर हात आपटून उठून जातो, तेव्हा तो खरोखर रागावला आहे की बाहेर थांबलेल्या सभासदांना दिसावे म्हणून उठला आहे, हे ओळखायला दहा करार पाहिलेले असावे लागतात. उपाहारगृहात जेवणाविषयीच्या तक्रारी एकाएकी वाढल्या, तर दोष बहुधा भाजीत नसतो, असंतोष दुसरीकडे असतो. कायम कामगार आणि शेजारच्याच यंत्रावर तेच काम करणारा कंत्राटी कामगार यांच्यातील दुरावा वेतनपत्रकात दिसत नाही. तो पाळी सुटताना, बसमध्ये कोण कुठे बसतो यात दिसतो. आणि कामगार जेव्हा ‘साहेब, काही नाही’ असे म्हणतो, तेव्हा बहुधा पुष्कळ काही असते. ही लिपी वाचणारा माणूस टाइम ऑफिसातूनच तयार होतो.

कामगार चळवळीच्या बाजूनेही हेच दिसते. दत्तोपंत ठेंगडी कायद्याचे पदवीधर होते. परंतु १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना करण्यापूर्वी त्यांनी इंटकसारख्या वेगळ्या विचारांच्या संघटनेत राहून कामगार क्षेत्राचा प्रत्यक्ष पाठ घेतला. कायद्याची पदवी हाताशी होती म्हणून हा उमेदवारीचा काळ त्यांना अनावश्यक वाटला नाही. टेबलाच्या पलीकडच्या बाजूस अशी तयारीची माणसे बसत असताना अलीकडच्या बाजूस बसणाऱ्याने निव्वळ गुणपत्रिकेवर विसंबणे धाडसाचेच आहे.

मग तोलून पाहिले तर पारडे कुठे झुकते? या प्रश्नावर मोजमापही झाले आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पंचाऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. निवडीच्या वेळची कोणती कसोटी पुढील कामगिरीशी किती जुळते, हे त्यात शून्य ते एक या मापावर दाखवले आहे. शिक्षणाच्या वर्षांचा आकडा आला ०.१०. अनुभवाच्या वर्षांचा ०.१८. आखीव प्रश्नांची मुलाखत ०.५१ वर, तर प्रत्यक्ष कामाचा नमुना करून दाखवण्याची परीक्षा ०.५४ वर. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली ही आकडेमोड नव्याने तपासली. बरेच आकडे त्यांनी खाली आणले, पण आखीव मुलाखतीला पहिले स्थान दिले. काका आणि पुतण्या या दोघांच्याही पदरी पडलेले गुण पाहिले तर पंगतीतला वाद मिटावा! अर्थात हे आकडे वर्षांच्या संख्येचे आहेत, त्या वर्षांत काय केले याचे नाहीत. आणि तोच तर मुद्दा आहे. जाहिरातीत ‘किमान पाच वर्षे’ असे लिहिणारा, मोजण्यास सर्वांत सोपी पण सांगण्यास सर्वांत दुबळी अशी गोष्ट मोजत असतो. अमेरिकेत मनुष्यबळ व्यवसायाचे पीएचआर नावाचे एक प्रमाणपत्र आहे. त्याच्या परीक्षेला बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी असेल तर एक वर्षाचा अनुभव, पदवी असेल तर दोन आणि पदवी नसेल तर चार वर्षांचा अनुभव पुरतो. पदवी आणि अनुभव यांचा असा विनिमयदर ठरवून तिथे निदान पदवी नसलेल्याला दार उघडे ठेवले आहे, आणि परीक्षा मात्र सर्वांना सारखीच आहे.

यातला विरोधाभास असा की, निवड कशी करावी याचे शास्त्र ज्या विभागाने सर्वांना शिकवायचे, तोच विभाग स्वतःची माणसे निवडताना ते शास्त्र गुंडाळून ठेवतो. फिटर घ्यायचा तर त्याला हातात फाईल देऊन जॉब करून दाखवायला सांगतात. वेल्डरचा सांधा तपासतात. मनुष्यबळ अधिकाऱ्याला मात्र ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ एवढे विचारून नेमणूकपत्र देतात. त्याचाही सांधा तपासता येतो. उमेदवारासमोर एका खात्याचे तीन महिन्यांचे मस्टर ठेवावे आणि त्यातून त्याला काय दिसते ते विचारावे. एक तक्रारअर्ज द्यावा, कामगाराने स्वतःच्या हाताने लिहिलेला, अशुद्ध, रागावलेला; आणि त्यावरून आरोपपत्र करावे की समज द्यावी की फोरमनला बोलवावे, हे लिहून द्यायला सांगावे, आणि ते मराठीत लिहायला सांगावे. नव्या वेतनव्याख्येप्रमाणे एका कामगाराचे वेतनपत्रक मांडून घ्यावे. शेवटी अर्धा तास त्याला कारखान्यात एकटे फिरू द्यावे आणि परतल्यावर त्याने कुणाशी काय बोलणे केले, ते ऐकावे. एवढ्या परीक्षेत कागदी एमबीए गळून पडेल आणि कागदी वीस वर्षेही.

ही परीक्षा कोण सहज पार करील? पुणे परिसरातील कारखान्यांनी त्याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. टाइमकीपर म्हणून लागलेला वाणिज्य किंवा कला शाखेचा पदवीधर दिवसभर कारखान्यात आणि संध्याकाळी वर्गात, असे करून कामगार कायदे व कामगार कल्याण यांची पदविका घेई; डीएलएल अँड एलडब्ल्यू हे तिचे लांबलचक आद्याक्षरी नाव त्या पिढीला पाठ होते. कुणी पुढे एमपीएम करी, मुंबईत कुणी एमएलएस करी. सकाळी ज्या कामगाराची रजा नाकारली, त्याच रजेचे कलम संध्याकाळी वर्गात निघे. असा विद्यार्थी प्राध्यापकाला सोडत नसे. त्या वर्गांतून तयार झालेल्या कार्मिक अधिकाऱ्यांनी औद्योगिक वसाहतींत अनेक करार शांतपणे घडवले आणि त्यांची बातमी झाली नाही, कारण न झालेल्या संपाची बातमी होत नसते. काम आणि अभ्यास एकमेकांना घासून घेतात तेव्हाच या पेशात धार येते. आधी दोन वर्षे नुसती पदवी आणि मग पाच वर्षे नुसता अनुभव, या क्रमात ती घासणी होतच नाही.

तेव्हा ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी ‘एचआर करायचे’ म्हणत आहे, त्या पालकांनी महाविद्यालयाच्या इमारतीचा रंग आणि माहितीपुस्तकातील पगाराचे आकडे पाहण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. कामगार कायदा कोण शिकवतो? आणि विद्यार्थ्यांना कारखान्यात किती आठवडे, कुणाच्या हाताखाली ठेवता? कर्ज काढायचेच असेल तर आधी वर्ष-दोन वर्षे एखाद्या मध्यम कारखान्याच्या वेतन विभागात काम करून मग काढावे. पाल्याला हे काम झेपते की नाही, हे तेवढ्यात कळते. माणसांचा कंटाळा असलेल्याने या क्षेत्रात येऊच नये. त्याच्यासाठी वाणिज्य शाखेत पुष्कळ सन्माननीय कामे आहेत. उलट पंधरा-वीस वर्षे टाइम ऑफिसात काढलेल्या काकांनीही ‘आता या वयात काय शिकायचे’ हे पालुपद सोडून नव्या संहिता समोर घेऊन बसावे. पुतण्या वाचून समजावील, काका उदाहरणे देतील. पंगतीपेक्षा ते बरे.

नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कल्याण अधिकाऱ्याची अट पाचशे कामगारांवरून अडीचशेवर आणली आहे. याचा अर्थ, आजवर ज्यांना असा अधिकारी ठेवावा लागत नव्हता अशा मध्यम कारखान्यांनाही तो नेमावा लागणार. पात्रता ठरविण्याचे काम संहितेने पुन्हा नियमांकडेच सोपविले आहे. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीतील तीनशे कामगारांच्या कारखान्याला मोठ्या शहरातून व्यवस्थापनाचा पदवीधर आणणे परवडणार नाही आणि आणला तरी तो तिथे टिकणार नाही. त्याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात मात्र कामगारांची भाषा बोलणारा एक माणूस आधीपासून बसलेला आहे. ठरावीक वर्षांचा अनुभव आणि संध्याकाळच्या वर्गात घेतलेली कामगार कायद्याची पदविका, ही जोडी पूर्ण पात्रता म्हणून नियमांत स्पष्ट शब्दांत मान्य करणे, कारखाने जिथे आहेत त्या गावांतच असे वर्ग चालवणे, आणि कामगारांच्या भाषेची जुनी अट केवळ कागदावर न ठेवता तिची परीक्षा घेणे, एवढे राज्यांना करता येण्याजोगे आहे. अशा वर्गांसाठी इमारती उभारण्याचीही गरज नाही. औद्योगिक वसाहतींजवळील शाळा आणि महाविद्यालये संध्याकाळी सहानंतर रिकामीच असतात.